निबंधातला बाप

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे निबंध यायला लागतात. पालघर स्टेशनजवळ एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर माझा इंग्रजीचा क्लास आहे. बारावीची मुलं येतात, आणि त्यांतली पाच-सात दर वर्षी लांबच्या खासगी विद्यापीठांचे फॉर्म भरतात. तिथे नुसत्या मार्कांवर भागत नाही. एक निबंध मागतात: तुम्ही कोण, कसे घडलात, आम्ही तुम्हाला का घ्यावं. फी माफ करून हवी असेल तर निबंध चांगलाच जमवावा लागतो.

काय काय लिहितात मुलं! एकाने पाच ठिकाणी एकच निबंध पाठवला आणि पाचही ठिकाणी पहिल्याच विद्यापीठाचं नाव तसंच राहिलं. ‘लहानपणापासून माझं एकच स्वप्न आहे,’ असं त्याने चौघांना कळवलं, आणि स्वप्न पहिल्याच विद्यापीठाचं. बोईसरच्या एका पठ्ठ्याने इंटरनेटवरून उचललेल्या निबंधात लिहिलं होतं, की गावातला बर्फ वितळू लागला की त्याला आयुष्याचा अर्थ कळतो. मी त्याला म्हटलं, बाळा, बोईसरला बर्फ वितळतो तो फक्त मासळी बाजारात. ‘निसर्गाच्या कुशीत माझा जन्म झाला’ हे वाक्य तर वर्षातून चारदा येतं, आणि लिहिणारे चौघेही इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणारे असतात.

मागच्या वर्षी एका मुलीने आजीच्या मृत्यूवर लिहिलं. सुंदर लिहिलं होतं, माझे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी तिला न्यायला तिची आजी आली. जिना चढून धापा टाकत उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘निबंद बरा झालाय ना वो हिचा?’ मी म्हटलं, फार बरा झालाय.

क्लासमध्ये सगळी पोट धरून हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्या मुलीला बाजूला घेतलं आणि इतकी बोलले की ती रडायला लागली. एवढं काय झालं, हेच तिला कळेना. ‘पण मॅडम, आजीला कुठे इंग्रजी येतं?’ ती म्हणाली.

हे वाक्य माझं आहे. दहा वर्षांपूर्वी ते मी मनाशी म्हटलं होतं, माझ्या बापाबद्दल.

आमचं गाव बोईसरपासून तारापूरच्या अंगाला, पाम गावाच्या पुढे. गावात वाड्या, आणि वाड्यांच्या कडेने ताड. बाबा ताडावर चढायचा. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, त्यात काही कमीपणा नाही. उलट ‘अहो बाबा’ म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोरगी रुसलीय. त्याच्याकडे चौदा झाडं होती. पहाटे पाचला कमरेला कोयता आणि पाठीला मडकं बांधून तो निघायचा आणि नीट उजाडेपर्यंत चौदा झाडांची मडकी उतरवून परत यायचा. ताडाच्या फुलोऱ्याला बांधलेल्या मडक्यात थेंब थेंब रस साठतो. ऊन वर यायच्या आत उतरवला तर ती नीरा, साखरेसारखी गोड. ऊन तापलं की तीच आंबते आणि तिची ताडी होते.

बाबाची कामाची एक रीत होती. प्रत्येक झाडावरून खाली आला की तो मडक्यात बोट बुडवायचा, बोट जिभेवर टेकवायचा, डोळे मिटून क्षणभर थांबायचा आणि थुंकून टाकायचा. तेवढ्या थेंबावरून त्याला कळायचं की आज कुठलं झाड आंबटलंय, कुठला फुलोरा आता दमलाय, आणि आदल्या दिवशी कुठलं मडकं नीट धुतलं गेलं नाही. गोड ते वेगळं, आंबट ते वेगळं. आंबट ताडीच्या दुकानाला जायचं. गोड तो स्वतः घरोघर पोचवायचा, कुणाकडे बाळंतीण असेल, कुणाचं म्हातारं माणूस तापातून उठलेलं असेल.

स्वतः मात्र तो प्यायचा नाही. ताडी सोडाच, नीरेचा पेलासुद्धा त्याने तोंडाला लावलेला मी कधी पाहिला नाही. ‘जिभेचे लाड करायचे नाय,’ म्हणायचा. ‘लाडावलेली जीब खोटं बोलते.’

सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायची. तो माझ्यापुढे दोन मडकी धरायचा आणि म्हणायचा, ‘सांग, बाय.’ मी बोट लावायची, तोंड वाकडं करायची आणि ठोकून द्यायची काहीतरी. दहातले सात अंदाज चुकायचे. तो हसायचा आणि म्हणायचा, ‘तू शिक. तुझं काम डोक्याचं हाय, जिबेचं नाय.’

मी शिकले. बारावीला आमच्या कॉलेजात इंग्रजीत पहिली आले. तेव्हा पालघर जिल्हा नुकताच झालेला होता, आणि स्टेशनकडे असले फॉर्म भरून देणारे एक सर होते. माणूस चांगला. माझ्याकडून त्यांनी काही घेतलं नाही. दिल्लीच्या बाजूच्या एका विद्यापीठाचं त्यांनीच सांगितलं: तिथे नंबर लागला आणि फी माफ झाली तर राहणं-जेवणासकट सगळं मिळेल. नाही लागला तर मला बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लावायचं, असं मामाने ठरवूनच ठेवलं होतं. म्हणजे माझं सगळं त्या एका निबंधावर होतं.

पहिला निबंध मी बाबाच्या जिभेवर लिहिला. चौदा झाडं, चौदा थेंब, मिटलेले डोळे, सगळं जसं होतं तसं. सरांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘गोड आहे गं. पण ह्यात संघर्ष कुठाय? तिथे हजारो निबंध येतात. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे.’ मग म्हणाले, ‘ताडी म्हणजे दारूच ना शेवटी? वडील घेत असतील थोडीफार.’

‘नाही घेत,’ मी म्हटलं.

‘बघ बाई. निबंध तुझा आहे.’

सरांवर सगळं ढकलायला मला आवडलं असतं. बरीच वर्षं मी ते ढकललंही. पण त्यांनी एवढंच म्हटलं होतं. पुढचं सगळं मी केलं, आमच्या ओटीवर बसून, दुपारी, आई आत वाल सोलत असताना.

मी लिहिलं: ‘माझे वडील पहाटे पाच वाजता पहिला घोट घेतात. चौदा झाडं होईपर्यंत त्यांचा घोट थांबत नाही.’ त्यात पाच वाजणं खरं होतं, चौदा झाडं खरी होती, रस तोंडात जाणंही खरं होतं. मी फक्त थुंकणं गाळलं. एकदा ते गाळलं आणि बाकीचं आपोआप येत गेलं. घरात भांडी आपटली जाऊ लागली. बाबाच्या ओरडण्याने वैतागून मी देवळाच्या पायऱ्यांवर अभ्यासाला बसू लागले. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात बाबाने आईवर हात उगारला. आमच्या घरात हात उगारणारी एकटी आईच होती, आणि तोही माझ्यावर.

निबंध वाचून सरांनी कागद नीट जुळवून टाचले. मग म्हणाले, ‘आता जमलं.’ मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. परत येताना माझ्या मनात आलं की बाबाला इंग्रजी कुठे येतं, आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

मार्चमध्ये विद्यापीठाचा मेल आला. मी शेवटच्या यादीत होते. फी माफ करण्याआधी त्यांची दोन माणसं घर बघायला येणार होती. मला वाटलं, घर बघतील, कागद बघतील, जातील. घरी मी सांगून ठेवलं की काही विचारलं तर मीच बोलेन.

सकाळी नऊला ते आले. एक बाई, एक पुरुष. पुरुष हिंदी बोलणारा, बाई पुण्याकडची असावी, तिचं मराठी अगदी स्वच्छ. बाबाने कामाचे कपडे बदलून लग्नाकार्याचा शर्ट घातला होता. अंगणात शेजाऱ्यांच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आईने स्टीलच्या पेल्यांतून नीरा आणली. पाहुण्याला आमच्याकडे दुसरं काय देणार? त्यातही बाबाने त्या दिवशीची सगळ्यांत गोड दोन झाडांची वेगळी काढून ठेवली होती.

पेल्यात काय आहे ते कळताच पुरुषाने त्यावर आडवा हात धरला. बाई म्हणाली, ‘नको, आम्ही कामावर आहोत.’

‘अवो, गोड हाय,’ आई म्हणाली. ‘आमी बारक्या पोरांना देतो.’

बाईने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि पेला खुर्चीखाली ठेवला. त्या बघण्याचा अर्थ आईला कळला नाही, मला कळला. मग बाई बाबाकडे वळली.

‘काका, तुमच्या मुलीने तुमच्याबद्दल फार धीटपणे लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे का?’

‘माज्याबद्दल?’ बाबा एकदम खुलला. तसा मी त्याला क्वचितच पाहिला असेल. ‘मला कुटं इंग्लिश येतं? काय लिवलंय हिनं?’

‘मॅडम, नको,’ मी म्हटलं.

तिला वाटलं मी बापाला घाबरते. ‘तू घाबरू नकोस,’ ती म्हणाली आणि फाइल उघडून वाचू लागली, एकेक वाक्य मराठीत सांगत, हळू आवाजात. तिचा हेतू वाईट नव्हता. बापाला त्याच्या पोरीचं दुःख एकदा तरी कळावं असं तिला मनापासून वाटत होतं.

पहाटेच्या पहिल्या घोटाला बाबा हसला. आपली काहीतरी गंमत केलीय असं त्याला वाटलं. भांड्यांपाशी त्याचं हसू ओठांवरच राहिलं, ते मागे घ्यायचं त्याला सुचेना. देवळाच्या पायऱ्या आल्या तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत होते. हात उगारण्याचं वाक्य आलं तशी आई उसळून म्हणाली, ‘काय बोलता वो बाई तुमी? आमच्या घरात—’

बाबाने हात वर करून तिला थांबवलं. आईसमोर त्याने हात वर केलेला मी तेवढाच पाहिला. त्या दोघा पाहुण्यांनीही तो पाहिला, आणि पुरुषाने वहीत काहीतरी टिपलं.

‘हे सगळं खरं आहे का, काका?’ बाईने विचारलं.

बाबाने फाइलकडे पाहिलं. त्याला काय काय कळलं असेल, याचा मी पुढे कितीदा तरी विचार केला. माझ्या मते त्याला सगळंच कळलं. आपण नाही म्हटलं तर पोरगी लबाड ठरते, आणि लबाड पोरीला कुणी घेत नाही, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

‘हां,’ तो म्हणाला. ‘खरं हाय. पोरगी खोटं नाय लिवायची.’

‘सोडायचा कधी प्रयत्न केलात?’

‘सोडीन. हिचा नंबर लागला का सोडीन. शबूद देतो.’ आणि मग, पुरुष वहीत लिहितोय असं बघून त्याने विचारलं, ‘सही करायची काय कुटं?’

गाडी गेल्यावर आईने दोन्ही पेले उचलले, नीरा मोरीत ओतली आणि पेले हातात घेऊनच माझ्या अंगावर आली. बाबा मध्ये पडला. ‘तिला काय बोलू नको,’ म्हणाला. ‘फारम तिचा. काय लिवायचं ते तिला म्हाईत.’ मग त्याने शर्ट काढून दोरीवर टाकला आणि जेवायला बसला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडले असते. त्याने मला भाताचं पातेलं पुढे करायला सांगितलं, आणि मी केलं.

कुंपणापलीकडे शेजारची काकू होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसे. ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि इथे तर बापाने स्वतः कबूल केलेलं. आठवड्याभरात नाक्यावर त्याला विचारू लागले, ‘काय रे, पाचलाच चालू?’ तो हसून पुढे जायचा. मग एका बाळंतिणीच्या घरून निरोप आला, उद्यापासून नीरा नको. मग दुसऱ्या घरून. पिणाऱ्याच्या हातचं मुलाबाळांना कोण देणार? वीस वर्षांत एकदाही त्याच्या मडक्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

माझा नंबर लागला. सगळी फी माफ. पत्र आलं त्या दिवशी बाबाने गावात पेढे वाटले, काकूलाही दिले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला नाही. आईला वाटलं, अंगात ताप असेल. उजाडल्यावर तो चुलतभावाकडे गेला आणि चौदाच्या चौदा झाडं त्याला देऊन आला.

‘तू पितोसच कुटं?’ आई कपाळावर हात मारून म्हणाली. ‘पीत नाय तो सोडनार काय?’

‘जीब लावतो ना,’ बाबा म्हणाला. ‘तेच सोडायचं.’

‘मग जीब न लावता चड.’

‘आनि लोकांना काय पाजू? न बघता?’

मी त्याला समजावायला गेले. म्हटलं, बाबा, त्या लोकांना असं म्हणायचं नव्हतं, ते काही बघायला येणार नाहीत. तो म्हणाला, ‘मंग कसं म्हनायचं व्हतं?’ ते मला सांगता आलं असतं. त्यासाठी फक्त एकदा म्हणावं लागलं असतं की बाबा, मी खोटं लिहिलं. मी बॅग भरायला आत गेले.

विद्यापीठात पहिल्याच महिन्यात एका कार्यक्रमात मला तो निबंध वाचायला लावला. दोनशे मुलं होती. मी वाचताना रडले, समोरचे काही जण रडले, आणि माझ्या खोलीतल्या मुलीने मला मिठी मारून सांगितलं की मी किती शूर आहे. खरं सांगावं असं तीन वर्षांत अनेकदा मनात आलं. पण सांगितलं तर फी माफी जाईल, घरी पाठवतील, आणि मग बाबाने झाडं सोडली ती फुकट जातील, असं मी स्वतःला समजवायचे. मला ते पटायचंही. आता वाटतं, मी नुसती घाबरट होते.

बाबाला एका ठेकेदाराने औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात लावलं. पिंपं हलवायची, पिंपं धुवायची. बरोबरची सगळी मुलं उत्तरेकडची, त्याला चाचा म्हणायची. बाबाचं हिंदी म्हणजे आनंदीआनंद. ‘हमको जमताय’ एवढ्यावर त्याने सात वर्षं काढली. सुट्टीत मी घरी आले की त्याच्या कपड्यांना वास यायचा, उग्र, नाकात बसणारा. आई त्याचे कपडे वेगळे धुवायची. पहाटे पाचला मात्र त्याला जाग यायचीच. तो ओटीवर बसून राहायचा, आणि चुलतभाऊ मडकं घेऊन समोरून जायचा तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघायचे टाळायचे.

दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत तो चुलतभाऊ एकदा घरी आला. एक झाड बिघडलं होतं आणि त्याला कारण सापडत नव्हतं. मडकं पुढे करून म्हणाला, ‘दादा, एक डाव बग ना. कोन बगतंय हितं?’ बाबाने मडक्यात पाहिलं, वास घेतला, आणि मडकं परत दिलं. म्हणाला, ‘शबूद दिलाय.’ मी तिथेच उभी होते. बाबाने माझ्याकडे पाहिलं ते टोमणा म्हणून नव्हे. मी ऐकलं ना, तो दिलेला शब्द पाळतो हे मला कळलं ना, एवढंच त्याला बघायचं होतं.

डिग्री मिळाल्यावर मी परत आले, आणि पहिल्याच सकाळी चुलतकाकाकडून नीरेचा तांब्या घेऊन बाबापुढे ठेवला. ‘आता झालं,’ मी म्हटलं. ‘कागद हातात आला. आता तुझा शब्द सुटला.’

त्याने माझी खात्री करून घेतली, दोनदा. मग बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं, डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. त्याने डोळे उघडले, पुन्हा बोट लावलं, पुन्हा मिटले. त्याला थुंकायचंही सुचलं नाही.

‘कसली हाय?’ मी विचारलं.

‘पान्यासारकी लागते,’ तो म्हणाला. आई दारातून म्हणाली की हे तिला ठाऊक आहे, वर्ष झालं, कालवणात मीठ नसलं तरी त्याला कळत नाही, पिंपांच्या वासाने मेलीय ती जीभ. ‘तुला कशाला सांगायचं शिकत असताना,’ ती म्हणाली. बाबाने तांब्या माझ्याकडे सरकवला आणि मला प्यायला लावलं. गोड होती, साखरेसारखी.

त्याच दिवशी मी त्याला सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं ते असं: ‘बाबा, तेव्हा निबंधात मी थोडं वाढवून लिहिलं होतं.’ वाढवून! तो म्हणाला, ‘लिवावं लागतं,’ आणि कामाला निघून गेला.

आता मी मुलांचे निबंध तपासते, आणि माझा पहिला निबंध मला तोंडपाठ आहे. असा निबंध कुणी माझ्याकडे आणला तर त्याच्या एका शब्दाला मी हात लावणार नाही. तो पहिला निबंध पाठवला असता तरी माझा नंबर लागला असता असं मला वाटतं. हे कुणाला सांगत नाही, सांगून काय होणार आहे. दुसऱ्यांच्या आज्यांना जिवंत ठेवण्यापुरता माझा उपयोग होतो, तेवढं बरं.

बाबा जाऊन वर्ष झालं. त्याआधी चार महिने त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले, पोट फुगलं, अन्न जाईना. मी त्याला पालघरला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आईला जिना चढवत नव्हता म्हणून ती खालीच थांबली. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. एक छापील कागद पुढे ओढून विचारू लागले. वय? काम काय करता? आधीचं काही दुखणं? तंबाखू? बाबा एकेकाचं उत्तर देत होता, शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून.

‘दारू?’ डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

बाबा थांबला. माझ्याकडे वळला. मग माझ्या कानाशी वाकून, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण त्यांना सगळं ऐकू गेलं, म्हणाला, ‘बाय, तितं लिवलेलं तेच सांगू ना? नाय म्हटलं तर तुजा कागद बाद करतील.’

डॉक्टरांनी मान वर केली.

‘नाही घेत ते,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला. ‘कधीच नाही घेतली, डॉक्टर. आयुष्यात एक पेला नाही. मी खोटं... मी खरं सांगतेय.’

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबाच्या पिवळ्या डोळ्यांकडे. रागावले नाहीत. घरच्या माणसांचं असं बोलणं ते रोजच ऐकत असणार. ‘ठीक आहे, ताई,’ ते म्हणाले, आणि त्यांनी त्या रकान्यात ‘हो’ लिहिलं.

बाबा कागदाकडे बघत होता. ते एक अक्षर त्याला वाचता आलं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि खुर्चीला पाठ टेकवून बसला. त्याला हायसं वाटलं होतं.